पोटाचं दुखणं डोळ्यांत
वैभववाडीहून करूळचा घाट चढून कोल्हापूरला डॉक्टरांकडे निघालेला माणूस एस.टी.त लाल डोळ्यावर रुमाल धरून बसला, की शेजारचा लगेच म्हणणार, ‘डोळे आले वाटतं!’ मग गुलाबपाणी, मध, नाहीतर दुकानातले थेंब. पण डोळे येतात तेव्हा चिपडं धरतात, खाज सुटते. डोळा आतून ठणकत असेल, उजेड सोसत नसेल, धूसर दिसत असेल, तर तो युव्हिआयटिस असू शकतो आणि त्याचं मूळ कधीकधी आतड्यांत असतं.

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आतड्यांच्या चिवट दाहाच्या रोगांत हे घडतं. ज्यांचं नाव दुसऱ्या रोगाला मिळालं, त्या न्यूयॉर्कच्या डॉ. बरिल क्रोन यांनी कोलायटिसबरोबर येणाऱ्या डोळ्यांच्या विकारांवर १९२५ सालीच लिहिलं होतं. पोट शांत असतानाही हा डोळा पेटू शकतो. त्यामुळे रक्ताच्या जुलाबांची गोष्ट डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगायचं सुचतच नाही. सुचलं तरी लाज वाटते.

स्टेरॉइडचे थेंब इथे गुणकारी, पण तपासणीनंतरच. मनाने घालत राहिलं तर मोतीबिंदू, काचबिंदू. आणि नुसतंच अंगावर काढलं, तर बाहुलीची कड आतल्या भिंगाला चिकटते. घाट चढताना पोटाच्या जुन्या कागदांची पिशवीही बरोबर असू द्या.