केसपेपर बोलतो तेव्हा

मारझोड करणारा नवरा बायकोला कुठे जाऊ देत नाही? माहेरी नाही, मैत्रिणीकडे नाही, पोलीस चौकीत तर नाहीच नाही. पण ताप चढला, हात सुजला, पोर आजारी पडलं तर? दवाखान्यात जाऊ देतो, कधी स्वतः घेऊनही येतो. बंद घराची ही एवढीशी फट ज्यांना दिसली, त्यांच्या नजरेचं मला राहून राहून नवल वाटतं!

२००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी सार्वजनिक रुग्णालयात उघडलेलं देशातलं हे पहिलं केंद्र. इतर ओपीडींच्या जोडीला आणखी एक विभाग. तिथे जाणारी बाई चारचौघींसारखी पेशंटच दिसते.

पण ती तिथवर पोचते कशी? ती तर सांगते, “न्हाणीत घसरले.” आता गंमत बघा. घसरणारा माणूस हात टेकतो. खरचटतात तळवे, गुडघे, कोपरं. मार मात्र बऱ्याचदा चेहऱ्यावर, मानेवर बसतो, आणि तो चुकवायला हात आडवा धरला की मनगटापासून कोपरापर्यंतच्या बाहेरच्या बाजूवर. शिवाय एक वळ ताजा, दुसरा पिवळा पडत आलेला. ती गप्प असते, तरी अंग सगळं सांगत असतं! ते वाचायला तिथल्या डॉक्टर-नर्सना शिकवलं जातं. “चुकून फिनेल प्यायले” म्हणणारीकडेही ते नीट लक्ष देतात. तपासणीचं निमित्त सांगून नातेवाइकांना बाहेर थांबवायचं आणि हळूच विचारायचं, “घरी कुणी मारतं का?”

एवढ्या साध्या प्रश्नाने काय होणार? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुणाची मदत मागितली होती. बाकीच्यांच्या बाबतीत पहिला शब्द समोरच्यालाच काढावा लागणार!

ती म्हणते, “तक्रार नको.” ठीक आहे, तिच्यावर बळजबरी नाही. पण कुणी मारलं, कशाने, जखम कुठे, केवढी, हे तिच्याच सांगण्यावरून तारीखवार केसपेपरवर उतरतं. पुढे कधी तिने २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दाद मागितली, तर? तो कागद तिच्या बाजूने उभा राहतो. कोर्टाचा विचारही तिच्या मनात नव्हता तेव्हा लिहिलेला, म्हणून तर त्याला वजन!

आणि आज रात्रीच घरी जाणं धोक्याचं असेल तर डॉक्टर तिला ‘देखरेखीसाठी’ भरती करून घेतात. वॉर्डातली खाट रातोरात निवारा होते. मला तर ही सगळ्यात अफाट युक्ती वाटते.

मग समुपदेशक तिच्यासोबत बसून पुढच्या भांडणाची तयारी करते. आवाज चढला की स्वयंपाकघरात थांबायचं नाही. तिथे सुरी आहे, गॅस आहे. रेशनकार्ड, मुलांचे दाखले यांच्या झेरॉक्स विश्वासातल्या कुणाकडे. शेजारणीशी आधीच ठरवून ठेवायचं: आरडाओरडा ऐकू आला की काही मागायच्या निमित्ताने दार वाजव. शेजारणीने भांडणात पडायची गरज नाही. दारात बाहेरचं माणूस उभं आहे म्हटल्यावर उगारलेला हात कितीदा तरी खाली येतो.

लैंगिक अत्याचारानंतर तर रुग्णालयाचं काम आणखी बारकाईचं. अंगावरचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे नाहीत, हे तुम्हाला ठाऊक होतं? ओल धरते, बुरशी येते, पुरावा नासतो. ते सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचे. एफआयआर झालेला नसला तरी उपचार करायचे, तेही फुकट. सरकारी असो की खासगी, कुठल्याही रुग्णालयाला नाही म्हणता येत नाही. बाई संभोगाला ‘सरावलेली’ आहे का हे बोटांनी तपासणारी ‘दोन बोटांची चाचणी’ तर २०१४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनीच हद्दपार केली. तरी ती काही ठिकाणी चालूच राहिली, तेव्हा २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की यापुढे ती करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. त्या बाईच्या यातनांत वैद्यकशास्त्रानेच भर घालणं थांबायला इतकी वर्षं लागावीत, याची मला चीड येते.

वांद्र्याची कल्पना तिथेच थांबली नाही. महापालिकेच्या इतर रुग्णालयांत ‘दिलासा’ केंद्रं निघाली. केरळात ‘भूमिका’, हरियाणात ‘सुकून’ नावाने तशीच केंद्रं उभी राहिली. तुमच्या गावात असं काही नसलं, तरी १८१ ही महिला हेल्पलाइन रात्रंदिवस चालू असते. आणि तिथे फोन शेजारणीनेही केलेला चालतो.