महाडचा ‘डी’ आणि पोलादपूरचा ‘डी’

भोरकडून वरंध घाट उतरलात की रस्ता थेट महाडला नेतो, आणि महाडच्या शेजारचाच तालुका पोलादपूर. ही दोन नावं रोमन लिपीत एकाखाली एक लिहून पाहा. एम-ए-एच-ए-डी. पी-ओ-एल-ए-डी, आणि मग ‘पूर’. दोन्हींत पाचवं अक्षर ‘डी’च! पण महाडात त्याचा ‘ड’ होतो आणि पोलादपुरात ‘द’. आपली जीभ तिथे झोपेतही चुकणार नाही. लंडनच्या माणसाला मात्र हे दोन आवाज निराळे आहेत, हे सांगूनही पटकन ऐकू येत नाही.

त्याचा कान काय अधू आहे? मुळीच नाही. १९८४ साली जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या दोन संशोधकांनी कॅनडात तान्ह्या बाळांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. घरात इंग्रजीच कानावर पडणाऱ्या या बाळांना त्यांनी हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक छान कळला. दहा-बारा महिन्यांच्या बाळांना मात्र तो जवळजवळ कळेनासा झाला. म्हणजे जन्मतः आपण सगळे जगातल्या कितीतरी भाषांचे आवाज वेगवेगळे ओळखू शकतो, आणि पहिला वाढदिवस यायच्या आत घरात लागणारे आवाज ठेवून बाकीच्यांकडे कान दुर्लक्ष करायला शिकतो. किती विलक्षण आहे हे! बोलायला लागण्याआधीच मूल आपल्या भाषेपुरतं कान घडवून मोकळं होतं.

आता हाच न्याय आपल्याला लावू. ‘वरंध’ रोमनमध्ये लिहा बघू. कोणी ‘व्ही’ने सुरू करेल, कोणी ‘डब्ल्यू’ने. शेवटी ‘ए’ लावायचा की नाही यावर आणखी मतभेद. आरशासमोर उभं राहून ‘वरंध’ म्हणा. खालचा ओठ वरच्या दातांच्या जवळ हलकेच येतो आणि लगेच सुटतो. इंग्रजी ‘व्ही’ला तोच ओठ दातांवर टेकून घुमवावा लागतो; ‘डब्ल्यू’ला दातांशी काही संबंध नाही, ओठांचा चंबू करायचा. आपला ‘व’ या दोघांच्या मधोमध बसतो. म्हणून ‘वेस्ट’ म्हटलं की तो बनियन की पश्चिम, हे आपल्याला संदर्भावरूनच कळतं, आणि वहीत ‘व्हेरी’चं स्पेलिंग ‘डब्ल्यू’ने पडतं.

मराठी लिपीने इथे एक भारी युक्ती काढली आहे, ती रोज वापरूनही आपल्या लक्षात येत नाही. टीव्ही, व्हॅन, ड्रायव्हर लिहिताना आपण ‘व’ला ‘ह’ जोडतो; वायर, वॉचमन लिहिताना जोडत नाही. ओठांना न जमणारा फरक आपण कागदावर मात्र धरून ठेवला!

आवाजाच्या चुका झाल्या, आता व्याकरणाकडे. मराठी माणसाच्या इंग्रजी अर्जातून ‘द’ आणि ‘अ’ का गळतात? मराठीत उपपदच नाही. ‘गाय आली’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं कुठली गाय. इंग्रजी मात्र प्रत्येक नामाच्या दारात अडवते: ओळखीचं आहे की अनोळखी, आधी सांगा. आणि गंमत पाहा. इंग्रजीतला ‘द’ आला आहे ‘तो, ती, ते’ अशा जुन्या दर्शक सर्वनामातून, आणि ‘अ’ किंवा ‘अॅन’ आला आहे ‘एक’ या अर्थाच्या शब्दातून. आता आपली गोष्ट ऐका: एक राजा होता, तो राजा फार शूर होता. बीज तेच! इंग्रजीत ते सक्तीचं झालं, आपल्याकडे गोष्ट सांगण्यापुरतं राहिलं.

‘माय हेअर्स आर व्हाइट’ या वाक्यावर हमखास लाल रेघ पडते. पण लिहिणाऱ्याच्या डोक्यात वाक्य आहे ‘माझे केस पांढरे झाले’, आणि केस अनेकवचनी आहेत. तसेच तांदूळ. महाड-पोलादपूरच्या भातशेतीच्या मुलखात ‘तांदूळ निवडले’ म्हणणाऱ्या मुलाने ‘राइस’ला अनेकवचन केलं तर त्याचं गणित बरोबरच आहे. उलट इंग्रजीला विचारायला हवं, गहू म्हणजे ‘व्हीट’ एकवचनी आणि ‘ओट्स’ अनेकवचनी, हे कसं काय? दोन्ही धान्यंच ना? ‘डिस्कस अबाउट’मधला ‘अबाउट’ही असाच आपल्या ‘त्याविषयी चर्चा करू’मधल्या ‘विषयी’तून येतो.

मला सर्वांत चकित करते ती पुढची गोष्ट. ‘कुड हॅव’ऐवजी ‘कुड ऑफ’ लिहिणं ही चूक इंग्लंड-अमेरिकेत जन्मलेली माणसं सर्रास करतात. मराठी शाळेतलं मूल ती सहसा करत नाही! कारण उघड आहे. तिकडच्या मुलाला इंग्रजी कानातून मिळाली, भरभर बोलताना ‘हॅव’चा उच्चार ‘ऑफ’सारखा होतो, आणि ऐकलं तसं त्याने लिहिलं. आपल्या मुलाला ती पुस्तकातून, डोळ्यातून मिळाली. महाराष्ट्रात मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली ती २००० साली. त्याआधी ती पाचवीला भेटायची. वर्कर-टीस यांच्या प्रयोगाच्या हिशेबाने दोन्ही वेळा कानाला उशीरच झालेला. चूक पाहून सांगता येतं की भाषा कुठल्या वाटेने आत आली.

आणि ज्या स्पेलिंगसाठी आपण छड्या खाल्ल्या, ते स्वतः किती सोवळं आहे? कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मध्ये ‘बी’ कधीच बोलला जात नव्हता. पंडितांनी लॅटिनमधलं मूळ दिसावं म्हणून तो मागाहून घुसवला. बेटाच्या ‘आयलंड’मधला ‘एस’ तर सरळ चुकीचा. मूळ इंग्रजी शब्दाचा लॅटिनशी संबंधच नाही. दिसायला जवळच्या दुसऱ्या शब्दावरून तो चिकटला आणि आज तो नसेल तर गुण कापतात. शूर सरदाराच्या ‘नाइट’मधले ‘के’ आणि ‘जीएच’ एके काळी खरोखर उच्चारले जात. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, छापील रूपं हळूहळू घट्ट होत गेली आणि उच्चार पुढे बदलत राहिले. ‘इट्स’मधल्या अपॉस्ट्रफीवरून आज केवढी थट्टा होते! पण ‘त्याचं’ या अर्थीही ती अपॉस्ट्रफी देणं सतराव्या-अठराव्या शतकात चांगल्या छापील पुस्तकांत चालत होतं.

गुरुजनांना आणि पालकांना एकच विनंती. वहीतल्या ‘हेअर्स’वर रेघ मारायला हरकत नाही, परीक्षेत ते चूकच धरतात. पण रेघ मारण्याआधी मुलाला विचारा, हेच तू मराठीत कसं म्हणशील? ते म्हणेल, ‘केस पांढरे झाले.’ मग त्याच्याच शेजारी इंग्रजी वाक्य लिहून दोन्हींतला फरक त्याचा त्याला शोधू द्या.