टेबलावरचा फोन : जुना आणि नवा



गेल्या वर्षी लोणीच्या आपल्या कार्यालयात नवे फोन बसवले, तेव्हा मंडळीतील एका आजोबांनी मला विचारले, "जुना फोन चांगला चालत होता. मग देणगीचा पैसा यात का घातला?" प्रश्न रास्त आहे. उत्तर सर्वांनाच मिळावे म्हणून हे लिहीत आहे.

जुन्या फोनला तांब्याच्या दोन तारा असत. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांची ४८ व्होल्ट वीज त्याच तारांतून येई. म्हणून गावात अंधार असला तरी फोन चाले. तबकडी फिरवली की आकड्याइतक्या वेळा प्रवाह तुटे, शून्याला दहा वेळा. पुढे बटणांचे फोन आले. त्यात प्रत्येक बटणाचे दोन सूर एकदम वाजतात आणि त्यावरून एक्स्चेंज आकडा ओळखते. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉटने खेड्यांसाठी १२८ लाईनींचे छोटे एक्स्चेंज तयार केले. ते एसीशिवाय, उन्हाधुळीत चाले. त्यामुळे फोन गावोगाव पोचला.

पण एका लाईनवर एका वेळी एकच बोलणे होई. डोंगरातला माणूस रेंज मिळेल त्या टेकाडावर चढून फोन लावतो. लाईन गुंतलेली लागली की तो बिचारा किती वेळ थांबणार? आणि कोणाचा फोन आला होता, हे आम्हाला कळतही नसे.

नवा फोन म्हणजे छोटा संगणकच. तो आवाजाचे बारीक तुकडे करून इंटरनेटवरून पाठवतो. आता एकावर बोलणे चालू असताना दुसराही फोन घेता येतो. सुटलेल्या फोनचा नंबर दिसतो. आमचा घोडेगावचा कार्यकर्ता आतल्या नंबरवर जोडला आहे. त्यामुळे प्रकल्प कार्यालयातील दाखल्याविषयी कोणी विचारले, तर फोन थेट त्याच्याकडे देता येतो.

याची उणी बाजू मात्र आम्हाला पावसाळ्यात कळली. रात्री वीज गेली आणि सारे फोन बंद पडले. त्याच रात्री ठाकरवाडीतला एक बाप तापाने फणफणलेल्या मुलीसाठी फोन लावत होता. शेवटी पहाटे तिला पाठीवर घेऊन तो रस्त्यापर्यंत चालत आला. देवाच्या दयेने मुलगी बरी झाली. चूक फोनची नव्हती, आमची होती. विजेची सोय आम्ही केलीच नव्हती.

आता मोडेम आणि स्विच यूपीएसवर आहेत. आमच्या फोनला स्विचकडूनच, नेटवर्कच्या केबलमधून वीज मिळते, म्हणून एकच यूपीएस पुरतो. शिवाय आमची लाईन बंद पडली, तर आलेला फोन कंपनीकडूनच कार्यकर्त्याच्या मोबाईलवर वळतो. दर महिन्याला मेन स्विच बंद करून आम्ही हे तपासतो. तुमच्या संस्थेत असे फोन घ्याल, तर पहिल्याच दिवशी ही परीक्षा घ्या.

३० जुलै २०१४ रोजी आपल्याच तालुक्यातील माळीणवर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गेली. गाव नाहीसे झाल्याचे एका एसटी चालकाच्या नजरेस पडले आणि मग जगाला कळले. संकटात सापडलेल्या माणसाला हाक मारता येईलच असे नाही. पण तो मारील, तेव्हा आपल्या टेबलावरचा फोन मुका नसावा. आजोबा, तुमचा पैसा त्यासाठीच खर्च झाला आहे.