दुष्काळ गाणारी माणसे

१९४३ साली बंगालमध्ये तांदूळ अजिबातच नव्हता असे नाही. तो विकत घेण्याची गरिबांची ऐपत मात्र संपली होती. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडचा तांदूळ यायचा थांबला. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने किनारपट्टीवरच्या होड्या काढून घेतल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात मिदनापूरला चक्रीवादळाने झोडपले. आधी सैन्याची आणि कलकत्त्याची गरज भागवली गेली, बाकीचे काम साठेबाजांनी केले. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला. पुढच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांच्या आसपास नेला. एवढे होऊनही सरकारने दुष्काळ अधिकृतपणे जाहीर केला नाही. ऑगस्ट १९४३ मध्ये कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ने फुटपाथवरच्या प्रेतांची छायाचित्रे छापली, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला त्याची भीषणता दिसली.

जिथे वर्तमानपत्र पोहोचत नव्हते तिथे ही बातमी गाण्याने नेली. २५ मे १९४३ रोजी मुंबईच्या मारवाडी विद्यालयात इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, म्हणजे इप्टा, या संघटनेची स्थापना झाली. कामगार पुढारी ना. म. जोशी तिचे पहिले अध्यक्ष. नगारा वाजवणाऱ्या माणसाचे तिचे बोधचिन्ह चित्तप्रसाद या चित्रकाराचे. मिदनापूर भागात हिंडून त्याने भुकेल्यांची रेखाचित्रे काढली होती. त्या रेखाचित्रांच्या पुस्तिकेच्या प्रती सरकारने जप्त करून नष्ट केल्या. बिनय रॉय यांचे बंगाली पथक गावोगाव, शहरोशहरी फिरले. गाणी म्हणायची, नाच-नाटिका करायच्या आणि जमलेल्या लोकांकडून दुष्काळग्रस्तांसाठी पैसे गोळा करायचे, हा त्यांचा क्रम होता. वामिक जौनपुरी यांचे ‘भूका है बंगाल’ हे गीत या दौऱ्यांमुळेच उत्तर हिंदुस्थानभर पोहोचले.

ऑक्टोबर १९४४ मध्ये कलकत्त्याच्या श्रीरंगम थिएटरात बिजन भट्टाचार्य यांचे ‘नबान्न’ हे नाटक रंगमंचावर आले. शंभू मित्र आणि भट्टाचार्य यांनी मिळून ते बसवले होते. रंगमंचावर नक्षीदार पडदे नव्हते, गोणपाट होते. एका प्रसंगात एकीकडे लग्नाची पंगत बसली आहे आणि दुसरीकडे उष्ट्याच्या ढिगाऱ्यावर माणूस आणि कुत्रा एकमेकांशी झोंबत आहेत. भुकेचा एवढा नेमका आरोप आपल्या रंगभूमीवर क्वचितच कोणी केला असेल. प्रेक्षकाला रडू येते, पण त्याचबरोबर ही पंगत कोणाच्या जिवावर उठते, हेही त्याच्या लक्षात आल्याशिवाय राहत नाही. दुःख दाखवणाऱ्या कलेपेक्षा ही कला वेगळी ठरली ती इथे.

महाराष्ट्रात हे काम शाहिरांनी उचलले. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णाभाऊंनी बंगालच्या दुष्काळावर ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला. पोवाड्याचा घाट अशा विषयाला सोयीचा. शाहीर एक प्रसंग गातो, थांबून गद्यात त्याचा खुलासा करतो, पुन्हा डफावर थाप पडते आणि झीलकरी शेवट उचलून धरतात. कारणमीमांसेला जागा त्या खुलाशातच मिळते. भाव कोणी चढवले, साठे कोणी केले, हे लालबाग-परळच्या गिरणी कामगाराला कळण्यासाठी त्याला अक्षरओळख असण्याची गरज नव्हती. वाटेगावहून आलेले अण्णाभाऊ स्वतः गिरणीत राबलेले आणि चाळी-झोपड्यांत राहिलेले. त्यामुळे भूक हा त्यांच्यासाठी ऐकीव विषय नव्हता. पुढे तमाशाला त्यांनी लोकनाट्याचे रूप दिले. गणेशवंदनेच्या जागी मायभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आले, गवळण गळली. श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेला साचा तोच राहिला आणि आतला आशय पार बदलला.

चित्रपटाने हीच वाट धरली. ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘धरती के लाल’ (१९४६) हा इप्टाने स्वतः निर्माण केलेला चित्रपट. कथेला आधार ‘नबान्न’चा आणि कृष्णचंदर यांच्या ‘अन्नदाता’चा, संगीत रविशंकर यांचे. जमीन गमावून कलकत्त्याची वाट धरणाऱ्या कुटुंबाची ही गोष्ट. त्यातल्या भुकेल्या जमावात धुळे भागातले किसान सभेचे शेतकरी होते. पडद्यावरचा बंगाली शेतकरी असा खानदेशी चेहऱ्याचा निघाला. देश दंगलींनी पेटलेला असताना चित्रपट लागला आणि तिकीटबारीवर पडला.

व्यावसायिक चौकटीत बसूनही मुद्दा न सोडणारा चित्रपट पुढे बिमल रॉय यांनी केला. ‘दो बीघा जमीन’मध्ये (१९५३) शंभू महातोच्या हिशेबाने कर्ज ६५ रुपये, सावकारी वहीत ते २३५. हे कर्ज फेडायला तो कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो. सलील चौधरी यांची कथा आणि संगीत. भूमिकेसाठी बलराज साहनी खरोखर रिक्षा ओढायला शिकले. चित्रीकरणाच्या वेळी भेटलेल्या एका म्हाताऱ्या रिक्षावाल्याला त्यांनी कथानक सांगितले, तेव्हा ही तर माझीच गोष्ट, म्हणून तो रडला, अशी आठवण त्यांनी आत्मचरित्रात लिहिली आहे.

तीन दशकांनी शाहीर आणि कॅमेरा मुंबईच्या झोपडपट्टीत एकत्र आले. आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या माहितीपटात शाहीर विलास घोगरे यांचे गाणे आहे. घोगरे यांच्या १९९७ मधल्या मृत्यूपासून पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ची (२०११) सुरुवात झाली. ‘हमारा शहर’चे बळ त्याच्या प्रामाणिकपणात आहे. ज्यांची घरे पाडली गेली ती माणसे कॅमेऱ्यालाच जाब विचारतात, तुमच्या चित्रीकरणाने आमचे काय भले होणार, आणि दिग्दर्शकाने तो प्रश्न कापलेला नाही. १९८६ मध्ये नरिमन पॉइंटजवळची संजय गांधी नगर ही झोपडपट्टी पाडली गेली तेव्हा पटवर्धन आणि शबाना आझमी तिथल्या रहिवाशांबरोबर उपोषणाला बसले. पाचव्या दिवशी सरकार नमले आणि त्या कुटुंबांना गोरेगावच्या दिंडोशीत पर्यायी जागा मिळाली.