पाण्यात विरघळणारी शोभा

घरी मत्स्यपेटी आणावयाची ठरली म्हणजे कुटुंबातील सर्वांची चर्चा माशांभोवती फिरते. कोणाला सोनेरी गोल्डफिश हवा असतो, कोणाला पिसाऱ्यासारख्या परांचा फायटर, आणि तळाशी काय पसरावे, कोणता दगड मांडावा, कोणती पाने लावावी, हा प्रश्न मात्र शोभेचा समजून शेवटी दुकानदाराच्या मर्जीवर सोपवला जातो. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. जिच्यात चाळीस-पन्नास लिटरच पाणी मावते आणि ज्या पाण्यातच माशाने श्वास घ्यावयाचा, अन्न खावयाचे व मलविसर्जनही करावयाचे, त्या पेटीत ठेवलेली कोणतीही वस्तू केवळ शोभेची राहूच शकत नाही. ती थोडी विरघळते, थोडी कुजते, काही देते, काही शोषून घेते, आणि तिच्या या देण्याघेण्याचा हिशेब अखेर माशाच्या कल्ल्यांकडे रुजू होतो.

हे मी बालपणी फार वाईट रीतीने शिकलो. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर वेचलेले ओंजळभर शंख नळाखाली धुऊन मी मोठ्या हौसेने पेटीत मांडले. दुसऱ्या दिवशी पाणी पांढुरके झाले, त्याला वास येऊ लागला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी माझे पाचही गोल्डफिश पाण्यावर कलंडलेले दिसले. शंखांच्या आतल्या वेटोळ्यांत मेलेल्या गोगलगाईंचे मांस वाळून राहिले होते आणि ते पाण्यात भिजताच कुजू लागले, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले. सडणाऱ्या मांसातून अमोनिया सुटतो. आणि पाणी जितके अल्कधर्मी, तितका या अमोनियाचा अधिक भाग विषारी रूपात राहतो. आमच्या विहिरीचे पाणी मुळातच क्षारयुक्त होते.

जुन्या, मुरलेल्या पेटीने अशी एखादी चूक कदाचित पोटात घातली असती. वाळूच्या कणांवर, दगडांच्या खरबरीत पृष्ठांवर आणि पानांवर सूक्ष्म जिवाणूंची वस्ती होते. त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचे बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, आणि वनस्पती ही सर्वच नत्रद्रव्ये खत म्हणून उचलतात. ही व्यवस्था बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून आधी वाळू, दगड आणि वनस्पती मांडाव्या, पाणी मुरू द्यावे, आणि मग थोडे थोडे मासे सोडावे, असा माझा आग्रह आहे.

वनस्पतींच्या या उपकारकतेचा पहिला नामांकित दाखला लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० साली दिला. सुमारे बारा गॅलन पाण्याच्या पात्रात त्याने दोन लहान गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिसनेरिया ही फितीसारख्या लांब पानांची वनस्पती लावली. काही दिवसांनी तिची जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजलेला भाग खाऊन टाकला आणि पात्रातला समतोल टिकला. हीच व्हॅलिसनेरिया भारतातल्या तळ्या-ओढ्यांतही उगवते, आणि आजही नवशिक्याला पहिली वनस्पती म्हणून मी तिचीच शिफारस करीन. तिला वाळूत रोवावे, पण मुळाच्या माथ्यावरचा पांढरट भाग उघडा ठेवावा. तो पुरला गेल्यास रोप कुजते.

दुकानात मात्र पाणवनस्पती म्हणून जे विकले जाते, ते सर्व पाण्यातले नसते. लकी बांबू, सिंगोनियम, पांढऱ्या रेघांचे स्पायडर प्लँट, ड्रॅसिनाची तांबडी पाने ही सर्व जमिनीवरची झाडे असून पूर्ण बुडवलेल्या स्थितीत ती काही आठवडे टवटवीत दिसतात आणि मग आतून सडून पाण्यात अमोनियाची भर घालतात. डिफेनबाकियाच्या पानांत तर कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. मनीप्लँटमध्येही ते असतात. परंतु त्याची पाने पेटीबाहेर ठेवून केवळ मुळे पाण्यात सोडली, तर ती नायट्रेट शोषून घेतात आणि पेटीच्या आरोग्यास हातभार लावतात. पाने कुरतडण्याची सवय असलेल्या गोल्डफिशच्या पेटीत मात्र तेवढीही मुभा देऊ नये.

या गोल्डफिशला मऊ पानांची भाजी फार प्रिय; त्याच्या पेटीत हायड्रिला लावणे म्हणजे त्याला जेवण वाढणेच होय. तेथे जावा फर्न किंवा अनुबियास लावावे, कारण त्यांची जाड पाने मासे सहसा खात नाहीत. या दोहोंचा आडवा कंद वाळूत पुरावयाचा नसतो. तो सुती दोऱ्याने दगडाला अथवा लाकडाला बांधला म्हणजे मुळे आपण होऊन पकड घेतात. ज्याच्या पेटीत गप्पी आणि त्यांची पिल्ले आहेत, त्याने मुळेच नसलेले हॉर्नवर्ट पाण्यावर तरंगत सोडावे. त्याच्या दाट झुबक्यात पिल्लांना आसरा मिळतो. क्रिप्टोकोराइन नव्या पाण्यात प्रथम सगळी पाने गाळते; अशा वेळी रोप मेले म्हणून उपटून न टाकता महिनाभर धीर धरावा, कारण बहुधा मुळातून नवी पाने फुटतात.

बाजारातून आणलेल्या जुडीला शिशाची पट्टी गुंडाळलेली असल्यास ती अगोदर काढून टाकावी. मग रोपे तुरटीच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवून स्वच्छ धुवावी, म्हणजे नको असलेल्या गोगलगाईंचा बंदोबस्त होतो. पानांत चतुराच्या अळ्या लपलेल्या नाहीत ना, हेही निरखून पाहावे. त्या माशांची पिल्ले खातात.

दगडांची परीक्षा सोपी आहे. कोरड्या दगडावर व्हिनेगरचे किंवा लिंबाच्या रसाचे थेंब टाकावे आणि कान व डोळे जवळ न्यावे. बुडबुडे उठले तर त्यात चुना आहे, आणि तो हळूहळू विरघळून पाणी अधिक जड व अल्कधर्मी करील. संगमरवर, चुनखडी, शंख-शिंपले आणि पोवळे यांचा हाच गुण आहे. मॉली आणि गप्पी यांना असे पाणी मानवते. निऑन टेट्रासारख्या मृदू पाण्यातल्या माशांना ते सोसत नाही. तलावाचे मृदू पाणी नळाला येणाऱ्या मुंबईकरास थोडा चुना चालून जाईल; बोअरच्या जड पाण्यावर अवलंबून असलेल्या गृहस्थाने तो टाळलेलाच बरा. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणासारखा दुसरा दगड या कामी मिळणे कठीण, कारण तो सहसा पाण्यात काही सोडत नाही आणि त्याच्या काळ्या पार्श्वभूमीवर माशांचे रंग खुलतात. त्याच्या पोकळीत पांढरे स्फटिक असतील, तर थेंब त्यांवर टाकून खात्री करावी. कोकणातला जांभा लोहयुक्त असल्याने त्याचा चुरा वाळूच्या थराखाली वनस्पतींना उपयोगी पडतो. दगड भांड्यात उकळू मात्र नयेत. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटू शकतात. वरून कढत पाणी ओतून ब्रशने घासणे पुरेसे आहे.

लाकूड पूर्ण वाळलेले, साल सुटलेले आणि चिकाचा अंशही नसलेले असावे. चीड, देवदार यांसारखी राळेची लाकडे वर्ज्य समजावी. लाकूड आठ-पंधरा दिवस भिजत ठेवून पाणी बदलत राहिले म्हणजे त्याचा तपकिरी रंग कमी होतो. उरलेल्या रंगाची धास्ती नको, तो टॅनिनचा असतो. नारळाची करवंटी उकळून उपडी ठेवली तर उत्तम गुहा होते, आणि तेच काम मातीचे न रंगवलेले बोळकेही करते. देशी बदामाची गळलेली, तांबडी होऊन वाळलेली पाने तर फायटरसाठी औषधासारखी मानतात. त्यांतली द्रव्ये पाणी किंचित आम्लधर्मी करतात आणि काही रोगजंतूंची वाढ रोखतात. परंतु झाडाखालून जे मिळेल ते पेटीत टाकण्याची मुभा याने मिळत नाही. सह्याद्रीच्या रानांत गेळाची फळे ठेचून डोहात टाकतात आणि मासे गुंगवून धरतात. शेर-निवडुंगाचा चीक आणि कण्हेरीचे सर्व भाग तितकेच घातक आहेत. ज्याची ओळख पटत नाही, ती काडीही बाहेर राहू द्यावी.

दिवसाकाठी सात-आठ तासांचा उजेड पुरतो. थेट उन्हाने शेवाळ माजते. वनस्पतींची फारच दाटी झाली, तर रात्री त्याही प्राणवायू वापरतात हे ध्यानी ठेवावे. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले, तर छाटणी करावी.

रानातून वनस्पती आणण्याचा मोह मात्र मला पटत नाही. सिंधुदुर्गातल्या ओढ्यांत वाढणारे एक क्रिप्टोकोराइन आणि कासच्या पठारावर फुलणारा वायतुरा जगात इतरत्र जवळजवळ कोठेच आढळत नाहीत; चार पानांच्या शोभेसाठी त्यांना उपटणे मी अपराधच मानतो. आणि पेटीतली छाटलेली डहाळी नदीत किंवा तलावात सोडणे हाही तेवढाच अपराध आहे. शोभेसाठी परदेशातून आलेल्या जलपर्णीने आपल्या नद्यांचे काय केले, ते पुण्यात पुलावर उभे राहणाऱ्या कोणालाही दिसते. माझी छाटणी मी गच्चीवर कडक उन्हात वाळवतो आणि ती करकरीत झाल्यावर जास्वंदीच्या कुंडीत पुरतो.