यादीत नसलेली माणसे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एप्रिल २०२० मधली गोष्ट. टाळेबंदी लागलेली. आमच्या आंबी गावात आम्ही चार-पाच जणांनी धान्य आणि औषधे पोचवायची म्हणून घरांची यादी केली. आधार घेतला रेशनकार्डांचा आणि मतदार यादीचा. अक्षर माझेच, कारण कवी म्हणजे रिकामा माणूस असे गावाचे ठाम मत आहे. आठ दिवसांनी आमच्याच आळीतल्या एका चाचीने खिडकीतून हाक मारली, "बेटा, बीपीच्या गोळ्या संपून चार दिवस झाले. तुम्ही समोरच्याकडे जाता, माझ्याकडे का येत नाही?" चाचीचे रेशनकार्ड मुलाच्या गावी, मतही तिकडेच. माझ्या यादीत ती नव्हतीच. रोज तिच्या दारावरून मी जात होतो.

त्या दिवसापासून मला यादी या गोष्टीची धास्ती वाटते. कागद ज्यांच्यापाशी आहे त्यांचीच ती होते. तळेगाव एमआयडीसीमुळे आंबी, नवलाख उंबरे या भागात खोल्या भाड्याने घेऊन राहणारी कितीतरी मुले आहेत. कोणी मराठवाड्याचा, कोणी बिहारचा. त्यांचे सगळे कागद गावाकडे. मावळातली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. जानेवारीत कोणी वाडीवर गेले तर 'घर बंद' एवढीच नोंद होणार. साथ मात्र भट्टीवरही पोचते.

बरे, नाव यादीत आले, मदत दारावर आली, तरी दार उघडेलच असे नाही. हे पुण्याने १८९७ मध्ये पाहिले आहे. प्लेगच्या साथीत रँडसाहेबाच्या हाताखाली गोऱ्या सैनिकांनी घराघरांची झडती सुरू केली. संशयितांना उचलून नेत, सामान बाहेर फेकत. आजार रोखण्याचा हेतू खोटा नव्हता, पण लोक आजारी माणसे लपवू लागले. २२ जूनच्या रात्री चिंचवडच्या चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हा इतिहास आपल्याला पाठ आहे. त्याच साथीत हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात डॉ. यशवंत फुले यांनी दवाखाना उघडला होता आणि सावित्रीबाई स्वतः रोगी घेऊन तिथे येत होत्या. रोग्यांची सेवा करतानाच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांना कोणी दार लावले असेल असे मला वाटत नाही.

मुंबईत त्या सुमारास हाफकिन यांची प्लेगची लस नवीन होती, लोक बिचकत होते. तेव्हा तरुण आगाखानांनी सर्वांसमोर स्वतः टोचून घेतले. त्यांच्या हजारो खोजा अनुयायांनी मग लस घेतली. पत्रके वाटून हे झाले असते का, शंकाच आहे.

धारावीचे उदाहरण तर अलीकडचे. अडीच-एक चौरस किलोमीटरात आठ-दहा लाख माणसे. पहिला रुग्ण सापडला १ एप्रिल २०२० ला. तिथे महापालिकेने गल्लीतल्या खासगी डॉक्टरांना बरोबर घेतले. ज्याच्याकडे पोराचा ताप दाखवला, तोच डॉक्टर दारात आला तर माणूस खरे बोलतो. एका खोलीत आठ जण, तिथे 'घरीच वेगळे राहा' हा सल्ला म्हणजे थट्टा. म्हणून शाळा, क्रीडासंकुले घेतली. रमजानात तिथे ठेवलेल्या रोजेदारांना इफ्तारसाठी फळे, खजूर दिले. एवढीशी गोष्ट, पण तिथे जायची भीती अशानेच कमी होते.

मग आपल्या गावात काय करता येईल? हजार वस्तीमागे एक आशाताई असते. तिच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे, मानधन तुटपुंजे. सगळे तिच्या डोक्यावर टाकून आपण मोकळे होऊ नये. किराणा दुकानदाराला कोण उधारीवर जगते ते ठाऊक असते, खोल्यांच्या मालकाला कोण नवे आले ते. मौलवीसाहेब, भजनी मंडळाचे बुवा, बचत गटाच्या बायका, वीटभट्टीचा मुकादम, प्रत्येकाकडे यादीचा एकेक तुकडा आहे. हे तुकडे साथ नसताना जुळवायचे. वर्षातून दोनदा तरी वही तपासायची, दिवाळीनंतर आणि पावसाच्या आधी, कारण माणसे तेव्हाच हलतात. कोणाला ऐकू येत नाही, कोणाचे डायलिसिस आहे, कोण अंथरुणावर आहे, हे त्या वहीत हवे. आणि ही माहिती चावडीवर वाचून दाखवायची नाही. क्षयाची नोंद गावभर झाली, तर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही.

आमच्या वहीत एक रकाना चाचीमुळे आला: 'हे दार कोणाच्या हाकेला उघडते?' चाचीच्या नावापुढे शेजारच्या शिंदेवहिनींचे नाव आहे. मध्यंतरी मी आशाताईंना विचारले, माझ्या नावापुढे काय लिहिलेत? त्यांनी वही पुढे केली. 'मधुमेह. दार लगेच उघडतात. बोलणे लांबते, शेवटी जावे.'