चौकापलीकडची शाळा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

माझे वडील खडकीच्या कारखान्यात सायकलने जात. सायकलला बिल्ला, रात्री दिवा आणि मागे कॅरियरला डबा. पाळी सुटली की रस्ताभर सायकली. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, ते उगीच नाही. मला सायकल अशी कोणी शिकवली नाही. ताशी भाड्याने आणायची, दांडीखालून पाय घालायचा, पडायचे, उठायचे. तेव्हा मागून येणारीही बहुधा सायकलच असे. आज डंपर असतो.

म्हणून आम्ही काही मंडळी रविवारी सकाळी एका मैदानावर मुलांना सायकल शिकवतो. तोल साधणे हा त्यातला सोपा भाग. सीट खाली करायची, पायडल काढून ठेवायची आणि पायांनी ढकलत जायचे. बहुतेक मुले लवकरच हँडल सावरू लागतात. अवघड असते ते मागे वळून पाहणे. मान उजवीकडे वळली की खांदा वळतो, खांद्याबरोबर हात, हाताबरोबर हँडल, आणि सायकल रस्त्याच्या मधोमध! मैदानावर आम्ही चुन्याची रेघ ओढतो. मागे उभी असलेली ताई बोटे दाखवते. रेघ न सोडता किती बोटे ते सांगायचे. हे जमेपर्यंत कोणालाही रस्त्यावर नेत नाही.

दुसरी गोष्ट पालकांनाच पटत नाही. ‘अगदी कडेने जा’ असे ते मुलांना बजावतात. पण कडेला मोटारी उभ्या असतात आणि त्यांची दारे अचानक उघडतात. तेव्हा दाराएवढे, साधारण एक मीटर अंतर सोडून सरळ रेषेत जायचे. उभ्या गाड्यांच्या फटीत आत-बाहेर करणारे मूल मागच्या चालकाला दिसतच नाही.

सातवीतली एक मुलगी हे सगळे पक्के शिकली. तिची आई म्हणाली, “सर, तुम्ही तिला शिकवलंत, पण चौकाला कोण शिकवणार?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. शाळा जेमतेम दीड किलोमीटर. पुढच्या रविवारी मुले, पालक असे बारा-पंधराजण टेप आणि खडू घेऊन तो रस्ता चालत गेलो. सायकलमार्ग बसथांब्यापाशी संपत होता आणि विजेच्या डीपीमागून पुन्हा सुरू होत होता. स्कूटर शिरू नये म्हणून तोंडाशी खांब रोवलेले, तेही इतके जवळ की सायकलचे हँडलच अडकले. मुलांना हसू आवरेना.

शहराचा सर्वंकष सायकल आराखडा पुणे महापालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर केला आहे. अशा आराखड्यात रस्ते असतात, एकेक खांब नसतो. छोट्या कामांसाठी दुसरी वाट आहे. २००६-०७ पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून प्रभागातील कामे सुचवून घेण्याची पद्धत सुरू झाली. अशा अर्जात ‘सायकलमार्ग सुधारा’ असे मोघम लिहून काही होत नाही. कोणता खांब, किती इंच सरकवायचा, हे नकाशासह द्यावे लागते. आम्ही तसे दिले. दुकानदारांनी विचारले, “गिऱ्हाइकानं गाडी लावायची कुठे?” प्रश्न चुकीचा नव्हता. त्यांच्यासोबत दोन बैठका झाल्या, आवाज चढले, चहाही झाला.

दोन खांब सरकले, एका ठिकाणी उतार झाला. चौक तसाच आहे.

मुलगी आता सायकलने शाळेत जाते. पहिले दोन आठवडे आई स्कूटरवरून मागे होती. चौकात ती उतरते आणि सायकल हातात धरून झेब्रा पट्ट्यांवरून चालत जाते. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा आम्ही घड्याळ लावून मोजला, बारा सेकंद. सायकल घेऊन पलीकडे पोचायला तिला अठरा लागतात. यंदाच्या अर्जात तेवढेच लिहिले आहे.